‘त्याला काढा, म्हणजे सगळं ठीक होईल!’

हल्ली पुष्कळ घरांतून एका परक्या माणसाचं नाव सारखं कानावर पडतं. हा माणूस आपल्याकडे कधी जेवायला आलेला नसतो, कुठल्या लग्नकार्यात भेटलेला नसतो, त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नसतं. तरीसुद्धा त्याच्यापायी रविवारची कोंबडी पानात तशीच राहते, दाराची कडी जोरात आपटली जाते, आणि चांगली वाढलेली मुलं सोमवारी सकाळी तोंड फुगवून चहाला बसतात. हा माणूस म्हणजे मुलाच्या लाडक्या फुटबॉल क्लबाचा मॅनेजर!

आमच्या पिढीच्या बायकांना मॅनेजर ठाऊक होता तो बँकेतला, नाही तर काजूच्या फॅक्टरीतला. क्रिकेटच्या संघाबरोबरही एक मॅनेजर असतो, पण तो बिचारा तिकिटं, हॉटेलं नि सामानसुमान पाहणारा. संघ हरला म्हणून त्याला कुणी बोल लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. इंग्लंडातल्या फुटबॉलात मात्र मॅनेजर म्हणजेच मुख्य गुरुजी. अकराजण कोण खेळणार, कुणी कुठं उभं राहायचं, कुणाला कधी बाहेर बोलावून बदली खेळाडू आत पाठवायचा, हे सगळं तोच ठरवतो. पूर्वी खेळाडूंची खरेदीसुद्धा तोच करी. आता त्यासाठी बऱ्याच क्लबांत वेगळा माणूस असतो. आपल्याकडे गोव्या-मुंबईच्या क्लबांत त्याला कोच किंवा प्रशिक्षक म्हणतात, पण शिव्या दोघांना सारख्याच पडतात.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही अलोऱ्यात बसून हे कशाला सांगता? तर त्याचं कारण आमच्या घरातच आहे. कुंभार्ली घाट उतरलं की पायथ्याला पोफळी, शिरगाव आणि आमचं अलोरं. कोयनेची वीज इथं तयार होते. कोळकेवाडीच्या धरणाखालचं तिसऱ्या टप्प्याचं वीजघर, त्यातले ऐंशी-ऐंशी मेगावॅटचे चार संच, आणि त्यांच्यासाठी वसवलेली वसाहत. धरणाच्या निमित्तानं घाटावरची माणसं खाली आली नि कोकणातली होऊन राहिली. आमचे हे त्यांतलेच. मूळ कोल्हापूरचे. माझं माहेर सावंतवाडीचं आणि भाऊ नोकरीनिमित्त मडगावला. म्हणजे आमच्या मुलाला वडिलांकडून कोल्हापूर मिळालं नि मामाकडून गोवा. दोन्हीकडे फुटबॉलचं वेड. मग त्या पोरानं काय करावं?

मामानं त्याला सुट्टीत फातोर्ड्याच्या मैदानावर नेलं आणि तो कायमचा एफ. सी. गोवा या क्लबाचा झाला. या क्लबाची निशाणी गवा. आपल्या डोंगरात उतरतो, शेतातली नाचणी तुडवून जातो तोच गवा. गोव्याचा तो राज्यप्राणी. भगव्या रंगाचा सदरा घालून घरातला हा गवा आमच्या ओसरीवर फिरू लागला, तेव्हा मला आधी गंमतच वाटली.

गंमत संपली ती २०२० च्या जानेवारीच्या अखेरीस. पोराची बारावीची परीक्षा १८ दिवसांवर आली होती. संध्याकाळी मडगावहून भावाचा फोन : ‘‘गो, तुझो झील फोनार रडता हा. काय झाला घरात?’’ मी धावत वर गेले. मला वाटलं, कुणाशी भांडण झालं, पैशाचं काही झालं, की कुठल्या मुलीचं प्रकरण. आईच्या मनात काय काय येत नाही! तर झालं होतं एवढंच, की एफ. सी. गोव्यानं आपल्या कोचला काढून टाकलं होतं.

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं, कारण ते समजल्याशिवाय हा राग काय असतो ते कळत नाही. सर्जिओ लोबेरा हा स्पेनचा माणूस २०१७ साली गोव्याचा कोच म्हणून आला. त्याची तऱ्हा अशी, की चेंडू उंच भिरकावायचा नाही. जमिनीलगत, छोट्या छोट्या टप्प्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत न्यायचा. माझा मुलगा म्हणायचा, ‘‘आई, तू रांगोळीला ठिपके जोडतेस ना, तसं.’’ कोरोमिनास नावाचा स्पॅनिश खेळाडू त्याच्या हाताखाली सलग दोन हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा ठरला. २०१९ च्या १७ मार्चला गोवा अंतिम सामन्यात पोहोचला. सामना मुंबईत अंधेरीला, समोर बेंगळुरू. नव्वद मिनिटं गेली, जादा वेळही संपत आली आणि ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेनं डोक्यानं गोल मारला. मुंबईत वाढलेल्या एका मराठी पोरानं गोव्याच्या हातचा चषक काढून घेतला! त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. पण त्यानंतर महिन्याभरातच गोव्यानं सुपर कप जिंकला आणि सगळं पुन्हा गोड झालं.

पुढच्या हंगामात संघ गुणतक्त्यात वरच्या टोकाला होता. साखळीचे तीनच सामने राहिले होते. आणि अशा वेळी लोबेराला निरोप! भाजणी खमंग भाजून झाली, जात्याशी बसायचं, आणि तेवढ्यात सुनेला माहेरी पाठवून दिली, असाच तो प्रकार. चाहत्यांच्या ते पचनी पडलं नाही. कोचवर नव्हे, त्याला काढणाऱ्यांवर राग. पण तो राग काढणार कुठं? क्लबाचे मालक कोण, ते कुठं राहतात, या पोरांना कोण विचारतो? ‘‘आई, आम्ही तिकिटं काढतो, सदरे घेतो, घसा बसेपर्यंत ओरडतो आणि आम्हाला साधं सांगतही नाहीत,’’ असं तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. अकाउंट्सचं पुस्तक उघडंच पडलं होतं.

गंमत पुढे आहे. उरलेल्या सामन्यांसाठी क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच जुन्या खेळाडूकडे संघ सोपवला. फेब्रुवारीच्या १९ तारखेला गोव्यानं जमशेदपूरला पाच-शून्य हरवलं आणि साखळीत पहिला क्रमांक घेतला. त्यामुळे आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पोराचा इंग्रजीचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. मग लोबेराला काढलं ते बरोबर होतं की चूक? याच प्रश्नावर आमच्याकडे एक अख्खा आठवडा वाद चालला होता. त्यानंतर उपांत्य फेरीत चेन्नईत चार-एक असा मार खाल्ला. घरच्या मैदानावर चार-दोन जिंकूनही एकूण हिशोबात एका गोलानं गाडी चुकली. वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि त्याच्यावर कडी म्हणजे लोबेरा गेला तो मुंबईच्या क्लबाकडे. त्याच्या पाठोपाठ गोव्यातले चांगले चांगले खेळाडू गेले. जाहू, बूमूस, फॉल, एवढंच काय, मंदार राव देसाई हा गोव्याचा आपला पोरगाही गेला. ते करोनाचं वर्ष. सगळे सामने गोव्यातच, पण प्रेक्षकांना बंदी. दाराशी जेवणावळ उठावी नि यजमानालाच आत घेऊ नये, तसं. २०२१ च्या ८ मार्चला बांबोळीला उपांत्य फेरीचा दुसरा सामना झाला. दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पेनल्टीवर मुंबईनं गोव्याला सहा-पाचनं घरी बसवलं. आठ मार्च म्हणजे महिला दिन, म्हणून आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. मी घरी परतले तो घरात काळोख. वीज गेली असावी असं वाटलं. वीज होती, यांनी दिवे लावले नव्हते इतकंच. पाच दिवसांनी मुंबई अजिंक्य झाली. साखळीची ढाल आणि चषक, दोन्ही एकाच हंगामात, तेही फातोर्ड्याच्या मैदानावर.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्याचा नवा कोच, हुआन फेरांडो, भर हंगामात कोलकात्याच्या क्लबाकडे निघून गेला. तेव्हा पोरगा नुसता हसला. म्हणाला, ‘‘एकाला आम्ही हाकलला, दुसऱ्यानं आम्हाला सोडलं.’’ संघ त्या हंगामात नववा आला. त्याचं ते हसणं मला रडण्यापेक्षा जास्त लागलं, खरं सांगते.

आता ह्यांची बाजू. हे जन्मले, वाढले कोल्हापुरात, पेठेत. तिथला फुटबॉल पाहिला नसेल तर एकदा छत्रपती शाहू स्टेडियमवर जरूर जाऊन या. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. नावंच पाहा ना, तालमी आणि मंडळं! कुस्तीच्या आखाड्यातून उठून हीच माणसं फुटबॉल खेळायला लागली. क्लब म्हणजे पेठ, पेठ म्हणजे घर. आता नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही तिथं खेळून गेले आहेत, पण टीम अजून गल्लीचीच. भांडणंही तशीच. सामन्यानंतरच्या हाणामाऱ्यांपायी स्पर्धा थांबवायची वेळ आलेली आहे. त्याचं कौतुक करावं असं मला मुळीच वाटत नाही. ह्यांनाही मी ते तोंडावर सांगितलेलं आहे.

पण ह्यांचं म्हणणं निराळं. ‘‘आमच्याकडे टीम कुणी निवडली ते माहीत असायचं. संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन विचारता यायचं, का रे बाबा, अमक्याला बाहेर का बसवलास? तो आत बोलावायचा, चहा व्हायचा, शिव्याही व्हायच्या. पुढच्या महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्हीच पंगतीला वाढायला. तुझ्या क्लबाचा कोच स्पेनचा, मालक कुठला तरी. तू रागावतोस कुणावर?’’

यावर मुलगा ताडकन म्हणायचा, ‘‘बाबा, तुमचा क्लब तुम्हाला जन्मानं मिळाला. माझा मी निवडलाय.’’ आणि उठून जायचा.

मैत्रिणींनो, खरी गोष्ट इथंच आहे. मुलगा बारावी झाला, कॉमर्सच्या कॉलेजात गेला, आणि बापलेकांतलं बोलणं कमी कमी होत गेलं. सीए करतो की बँकेची परीक्षा देतो यावरून एकदा खटका उडाला. त्यानंतर तर ‘जेवलास का’, ‘गाडीत पेट्रोल आहे का’ एवढ्यावरच भागायचं. माझ्यामार्फत निरोप. ‘‘त्याला सांग’’, ‘‘त्यांना सांग’’. अशी घरं तुम्हालाही माहीत असतील. ही दोघं मोकळेपणी, समोरासमोर बोलत ती फक्त कोचविषयी. त्याला शिव्या घालताना दोघं एका सोफ्यावर बसायची. म्हणून शेजारच्या वहिनी जेव्हा म्हणाल्या, ‘‘तुमच्या घरात काय तो सारखा मॅनेजर मॅनेजर! बंद करून टाका की टीव्ही,’’ तेव्हा मी गप्प बसले. टीव्ही बंद केला असता तर उरलं काय असतं?

या दोघांच्या वादात कान देऊन मीही थोडीफार शिकले. माझ्या डोक्यात बसलेली एक हकिगत इंग्लंडची. मँचेस्टर युनायटेड या क्लबात १९८६ च्या नोव्हेंबरात अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मॅनेजर म्हणून आला. तीन वर्षं गेली, हाती काही नाही. १९८९ च्या डिसेंबरात एका चाहत्यानं मैदानावर भलं मोठं फडकं धरलं. तीन वर्षं सबबी ऐकल्या, खेळ अजून टाकाऊच, आता निघा, अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहिलेला. मालकांनी काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात संघानं एफ. ए. कप जिंकला. लीगचं विजेतेपद यायला १९९३ उजाडलं, आणि २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाला तोवर तशी तेरा विजेतेपदं जमा झाली होती. म्हणजे फडकंवाल्याचं ऐकलं असतं तर? पण लगेच दुसरी बाजूही पाहा. फर्ग्युसन गेल्यावर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शार, टेन हाग असे एकामागून एक आले नि २०२४ पर्यंत एकेक करून काढले गेले. व्हॅन गालला तर चषक जिंकल्यावर दोन दिवसांत घरी पाठवला. तरी २०२४-२५ च्या हंगामात संघ वीसांत पंधरावा! या क्लबाच्या एका चाहत्यानं २०२४ च्या ऑक्टोबरात पण केला, की सलग पाच सामने जिंकल्याशिवाय केस कापणार नाही. वर्ष उलटून गेलं तरी त्याच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. द्रौपदीच्या वेणीची गोष्ट आपण ऐकली होती, ही साहेबाच्या देशातली!

आर्सेनल या क्लबाचा आर्सेन वेंगर बावीस वर्षं टिकला. २००३-०४ चा अख्खा लीग हंगाम त्याचा संघ एकही सामना हरला नाही. त्याच वेंगरविरुद्ध २०१७ च्या मार्चमध्ये चाहत्यांनी मैदानावरून विमान फिरवलं, मागे कापडी फलक, ‘याला काढा’ म्हणून. लगोलग दुसरं विमान आलं, ‘याला ठेवा’ म्हणणारं! पैसा जास्त झाला की माणसं काय काय करतील. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीवरून भांडतात ते परवडलं.

पण मॅनेजर बदलून खरंच फरक पडतो का? हॉलंडच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा एका अर्थशास्त्रज्ञानं हिशोब मांडला होता. कोच बदलल्यावर संघ सुधारतो, हे खरं. पण तितकाच पडता काळ आलेल्या नि कोच न बदललेल्या संघांनीही पुढे तशीच उचल खाल्लेली दिसली. तिसऱ्या दिवशी उतरणाराच ताप, आणि श्रेय मिळतं शेवटच्या पुडीला. हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘आई, हे बाबांना सांग.’’ ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘‘त्याला सांग.’’

आपल्या देशाच्या संघाचंही तेच. क्रोएशियाचा इगोर स्टिमॅच २०१९ पासून कोच. २०२३ साली बेंगळुरूत आपण सॅफ स्पर्धा जिंकली तेव्हा तो देव. त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला. २०२४ च्या मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो तेव्हा तोच राक्षस. जूनमध्ये कतारकडून हरून विश्वचषकाच्या पात्रतेतून बाहेर पडलो आणि त्याला काढलं. मुदतीआधी काढलं म्हणून भांडण झालं आणि अखेर तडजोडीत चार लाख डॉलर मोजावे लागले. एवढ्या पैशात किती गावांतल्या किती पोरींना बूट नि चेंडू मिळाले असते, हा हिशोब मी मनातल्या मनात केला. कारण त्या पोरीही खेळतात बरं का! २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात दोन-एक हरवून आशियाई स्पर्धेतली जागा मिळवली. त्या रात्री आमच्या सोफ्यावर कुणी नव्हतं. ते मी दोघांनाही ऐकवलं आहे.

घरगुती बाजूनंही दोन शब्द सांगते, कारण पुष्कळजणी विचारतात. इंग्लंडातला रात्री आठचा सामना आपल्याकडे थंडीत दीड वाजता सुरू होतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेबाराला. हे वेळापत्रक हाती असलं की निम्मा त्रास वाचतो. थर्मासमध्ये चहा भरून ठेवावा, डब्यात पोहे भाजून, तिखटमीठ लावून ठेवावेत आणि आपण खुशाल झोपावं. हरल्यावर लगेच समजूत घालायला जाऊ नये. ‘‘एवढं काय त्यात, खेळच तर आहे,’’ हे वाक्य तर अजिबात उच्चारू नये. आपल्या मालिकेतली नायिका मेली तेव्हा आपल्याला कुणी असं म्हटलं होतं तर कसं वाटलं होतं, ते आठवा. दुसरं, मुलगा रागाच्या भरात फोनवर काय लिहितो यावर मात्र लक्ष हवं. कोचला, खेळाडूंना, त्यांच्या बायकांना नि आयांना उद्देशून जे लिहिलं जातं ते वाचून अंगावर काटा येतो. आमच्याकडे मी एकच नियम केला. जे लिहिशील ते मला मोठ्यांदा वाचून दाखव, मग पाठव. निम्मं आपोआप पुसलं गेलं. तिसरं पैशाचं. आमच्या ओळखीतल्या एकीच्या भाच्यानं फोनवर संघ निवडण्याच्या खेळात फीचे पैसे घालवले आणि खापर फोडलं मॅनेजरवर, का तर म्हणे त्यानं अमक्याला खेळवलंच नाही. पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं बंद झाले, तेव्हा त्या माउलीनं सत्यनारायण घातला.

त्याच ऑगस्टमध्ये खालिद जमील हा आपल्या देशातला माणूस भारताचा कोच झाला. याच माणसानं मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला २०१७ साली आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. मुंबईतही त्यानं बरीच वर्षं शिकवलेलं. बापलेक दोघंही खूश. ह्यांच्या मते आता दारात जाऊन विचारण्यासारखा माणूस आला! १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूरशी सामना होता. काय मनात आलं कोण जाणे, ह्यांनी आपण होऊन दोन तिकिटं काढायला सांगितली. चिपळूणहून कोकण रेल्वेनं दोघं मडगावला गेले. भारतानं १४ व्या मिनिटाला छांगटेच्या गोलनं आघाडी घेतली आणि एक-दोन असा सामना घालवला. २०२७ च्या आशियाई स्पर्धेचं दार बंद झालं.

मी फोनची वाट बघत होते. आता दोघं मिळून त्या कोचला धुऊन काढणार, असंच मला वाटलं. अकरा वाजता फोन आला तो ह्यांचा. ‘‘अगं, तो म्हणतोय, बँकेच्या परीक्षेचा क्लास रत्नागिरीला लावतो, पण सीएचं पुस्तक सोडणार नाही. मी म्हटलं, बघ.’’ गाडी सुटेपर्यंत भावाच्या घराच्या गच्चीत दोघं दोन तास बोलत बसली होती. कोचचा विषय किती वेळ निघाला ते मी विचारलं नाही.

आठच दिवसांनी पाडवा होता. त्याच दिवशी, २२ ऑक्टोबरला, फातोर्ड्याला एफ. सी. गोव्याचा सौदी अरेबियाच्या अल नस्रशी सामना आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी म्हटलं, मला तरी भावाकडे जायचंच आहे, या वेळी तिघंही जाऊ. पाडव्याचं ओवाळणं सकाळीच उरकलं, फराळाचे डबे भरले आणि निघालो. रोनाल्डो येणार म्हणून निम्मा गोवा लोटेल असं म्हणत होते. तो आलाच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, मला कोचला पाहायचं होतं. इतकी वर्षं ज्या जागेवरच्या माणसाला आमच्या घरात बोल लावले, ती जागा म्हणजे मैदानाच्या कडेला चुन्यानं आखलेला एक चौकोन. आपल्या माजघराएवढाही नाही. चेंडू दुसऱ्या टोकाला, अकराजण आपापल्या धावपळीत, नि स्टेडियम एवढं गर्जत असलेलं, की शेजारी बसलेल्या ह्यांचं बोलणं मला ऐकू येईना. त्या माणसानं तिथून काही सांगितलं तर पोहोचणार तरी कसं?

दोन गोल बसल्यावर मागच्या रांगेतून एकजण ओरडला, ‘‘काढा त्याला!’’ ब्रायसन फर्नांडिसनं एक परत फेडला तेव्हा तोच माणूस माझ्या खांद्यावरून पुढे झुकून नाचत होता. शेवटी एक-दोन. बाहेर पडताना मुलगा काही बोलला नाही. घरी आल्यावर भावाच्या स्वयंपाकघरात तिघांची बैठक बसली. बदली खेळाडू दहा मिनिटं आधी पाठवायला हवा होता की नाही, यावर. ह्यांनी शंकरपाळे मांडून मधली फळी दाखवली, मुलानं त्यातला एक शंकरपाळा उचलून डावीकडे ठेवला, भावानं तो खाऊन टाकला. एक वाजून गेला होता. मी सकाळच्या ओवाळणीचं ताट घासायला घेतलं.